टेस्ट पास, शॉक नापास

कॅज्युअल्टीतून खाली आलेल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते: ‘डीफिब खराब’. डीफिब म्हणजे डीफिब्रिलेटर, हृदयाला विजेचा शॉक देऊन ताळ्यावर आणणारं मशीन. हॉस्पिटलची मशीनं सांभाळणाऱ्या आमच्या बायोमेडिकल विभागात असल्या चिठ्ठ्यांचा ढीग असतो आणि त्यातून नेमकं काय बिघडलंय ते कधीच कळत नाही. म्हणून टूलकिट न घेताच वर गेले. हेड सिस्टर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या, मराठीच. त्यांना एवढंच विचारलं, “सिस्टर, मशीन चार्जच झालं नाही, की चार्ज होऊन शॉक गेला नाही?”

“ताई, त्या वेळी एवढं कोण बघतंय? पेशंट व्हीएफमध्ये गेला, डॉक्टरांनी पॅडलं ठेवली, बटणं दाबली, काही नाही. परत दाबली, काही नाही. कॉम्प्रेशन चालू ठेवलं आणि मी आयसीयूतलं मशीन आणायला पळाले. त्याच्या पहिल्याच शॉकला पेशंट परत आला.”

व्हीएफमध्ये, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकललं जात नाही. सीपीआरही, म्हणजे छाती दाबून दिलेला आधारही, मिळत नसेल तर शॉकविना जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. आमचा आयसीयू एक मजला वर आहे. लिफ्ट त्या वेळी खालीच उभी होती. नसती तर काय, हा विचार मी तेव्हा बाजूला ठेवला, कारण आधी मशीन बघायचं होतं.

‘चार्ज’ आणि ‘शॉक’ वेगळे करून विचारायचं कारण असं की डीफिबच्या आत ही दोन कामं दोन वेगळ्या टोळ्या करतात. बॅटरीचे जेमतेम बारा-चौदा व्होल्ट घेऊन एक सर्किट मोठ्या कपॅसिटरला हजारो व्होल्टपर्यंत भरतं. गच्चीवरची टाकी बारीक धारेनं भरावी आणि मग एका झटक्यात खाली सोडावी, तसं. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा धरला तर २०० ज्यूल साठवायला २००० व्होल्ट लागतात. हा झाला चार्ज. पॅडलं म्हणजे छातीवर दाबून धरायचे मुठीचे पत्रे. पुढे दोन्ही पॅडलांवरची दोन्ही बटणं एकदम दाबली की दुसरं सर्किट ती ऊर्जा काही मिलिसेकंदांत छातीत सोडतं. हा शॉक. पहिल्यात खोट असेल तर बॅटरी, चार्जर, कपॅसिटर, रिले (विजेनं चालणारा स्विच) यांच्याकडे बघायचं. दुसऱ्यात असेल तर बटणं, कॉर्ड, पॅडलांचा स्पर्श आणि सिंक, म्हणजे ठोक्याशी जुळवून शॉक देण्याची सोय. सिस्टरांना आठवत नव्हतं, पण मशीनला आठवत होतं.

बहुतेक मशीनं घडलेल्या घटनांची नोंद ठेवतात आणि ती छापून देतात. पट्टी काढली. २०० ज्यूल निवडले, चार्ज पूर्ण, सिंक बंद. मग शॉकची नोंदच नाही. थोड्या वेळानं ऊर्जा आतल्या आत रिकामी केल्याची नोंद. पुन्हा तेच. चार्ज होऊन ठरावीक वेळात शॉक दिला नाही, तर मशीन स्वतःहून कपॅसिटर आतल्या रेझिस्टरवर रिकामा करतं; भरलेली पॅडलं कुणाच्या हातात राहू नयेत म्हणून ती सोय असते. म्हणजे चार्जिंग ठणठणीत होतं. बटणं दाबल्याचा निरोप आतपर्यंत पोचला नव्हता.

आता गंमत बघा. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये रोज सकाळच्या टेस्टच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पॅडलं होल्डरमध्येच ठेवायची, ३० ज्यूल चार्ज करायचे, दोन्ही बटणं दाबायची. होल्डरच्या आत टेस्ट लोड असतो, तो शॉक झेलतो आणि मशीन ‘पास’ छापतं. अख्ख्या महिन्याच्या पट्ट्या बघितल्या. सगळ्या पास. घटनेच्या दिवशी सकाळचीसुद्धा.

“बेन, टेस्ट तो पास छे ने! पछी मशीन केम खराब?” आमचा टेक्निशियन म्हणाला. तो छाणीचा, सरळ डोक्याचा मुलगा. त्याचा प्रश्न बरोबरच होता आणि माझाही तोच होता.

मशीन खाली आणून ॲनालायझरवर घेतलं. ॲनालायझर म्हणजे ५० ओहमची नकली छाती. तिच्या दोन पत्र्यांवर पॅडलं दाबायची आणि किती ज्यूल पोचले ते वाचायचं. मानकाप्रमाणे १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २०० ला १७० ते २३०. आमचं १९० च्या वर होतं. पुन्हा, पुन्हा, तेच. अशा वेळी कागदावर ‘दोष आढळला नाही’ लिहून मशीन परत पाठवायचा मोह होतो. कित्येक मशीनं अशीच परत जातात आणि पुन्हा नको त्या क्षणी दगा देतात. मला तसं लिहायचं नव्हतं. माणसाच्या छातीवर न गेलेला शॉक टेबलावर मात्र दर वेळी जात होता, तेव्हा टेबल आणि पलंग यांत काय फरक आहे ते शोधायला हवं होतं.

पहिली वाटणी सोपी होती. पॅडलांची कॉर्ड काढून चिकटवायच्या पॅडांची केबल लावली. पॅडांच्या रस्त्यानं गेलं की शॉकचं बटण मशीनच्या तोंडावरचं वापरलं जातं, पॅडलांवरची बटणं मध्ये येतच नाहीत. कितीही वेळा केलं तरी शॉक गेला. म्हणजे पेटी निर्दोष, दोष पेटीबाहेर, पॅडल-सेटमध्ये. पुन्हा पॅडलं लावली आणि या वेळी टेक्निशियनला म्हटलं, ॲनालायझर टेबलाच्या पार त्या टोकाला ठेव, कॉर्ड ताणूनच पोचली पाहिजे असा. स्टर्नमचं पॅडल, म्हणजे पेशंटच्या उजव्या हासळीखाली जातं ते, ताणून पत्र्यावर दाबलं. चार्ज. दोन्ही बटणं दाबली. शांतता. बोटं दाबून धरून तसेच उभे राहिलो आणि शेवटी मशीननं आतल्या आत रिकामं होताना तो ओळखीचा ‘टक’ केला.

“हवे समजायुं,” तो म्हणाला. आता कळलं.

पुढचं काम मल्टिमीटरचं. मशीन बंद, कॉर्ड पेटीपासून सोडवलेली, आणि मगच पॅडलच्या मुठीचे स्क्रू काढायचे. या क्रमात तडजोड नाही. बटणाच्या दोन तारांवर मीटरची टोकं लावून बझर ठेवला. बटण दाबलं: सलग बीप. आता कॉर्ड मुठीतून बाहेर पडते तिथे, तिच्या मानेशी, हलकेच वाकवली. बीप तुटला. सरळ केली, परत आला. बाहेरून रबर धडधाकट दिसत होतं, फक्त मानेपाशी एक पांढुरकी रेघ होती, केसाएवढी. शॉकची मुख्य तार जाडजूड असते, ती टिकते. बटणाच्या तारा बारीक, रोज त्याच जागी वाकून वाकून त्यातली एक आत तुटली होती आणि कॉर्ड सैल असली की तिची टोकं एकमेकांना टेकत होती.

आणि रोजच्या टेस्टमध्ये पॅडलं होल्डरमध्ये असतात. कॉर्ड आरामात वेटोळं घालून पडलेली. ज्या स्थितीत हा दोष कधीच दिसणार नाही नेमक्या त्याच स्थितीत आपण मशीन रोज तपासत होतो आणि पट्टी चिकटवत होतो. टेस्ट खोटी नव्हती. कपॅसिटर, रिले, होल्डरमधला लोड, सगळं ती खरंच तपासते. पलंगापर्यंतचा शेवटचा दीड मीटर तेवढा तिच्या हिशेबात नाही.

टेक्निशियन सोल्डरिंग आयर्न गरम करायला निघाला. “बे मिनिटनुं काम छे, बेन.” त्याला थांबवलं. त्याच कॉर्डमधून शॉकच्या वेळी हजारो व्होल्ट जातात. आपण इन्सुलेशन कापून जोड दिला, वर टेप गुंडाळला, तर ते व्होल्टेज उद्या बटणाच्या तारेत उतरणार नाही याची खात्री कोण देणार? आणि मूठ धरणारा हात रेसिडेंट डॉक्टरचा असणार. पॅडल-सेट अख्खा बदलायचा, दुसरा मार्ग नाही. पार्ट यायला वेळ लागणार होता. तोवर कॅज्युअल्टीला त्या मशीनवर फक्त पॅडं. यावरून थोडी कुरबूर झाली. पॅडं एकदा वापरून टाकायची असतात, महाग पडतात, पाकिटावरची मुदत संपली की आतली जेली सुकते. सिस्टरांनी स्टोअरमधली पाकिटं तारखेनुसार लावून घेतली, तेव्हा त्यात काही मुदत संपलेली निघालीच.

पण नवा सेट लावला तर तोही त्याच जागी तुटणार, म्हणून कॅज्युअल्टीत जाऊन नुसती उभी राहिले. ट्रॉली पलंगाच्या पायाशी, डाव्या अंगाला. स्टर्नमचं पॅडल उजव्या हासळीखाली न्यायचं म्हणजे कॉर्ड पेशंटच्या अख्ख्या अंगावरून तिरपी ताणली जायची. ट्रॉली पायाशी का? तर तिथेच प्लग आहे. मशीनची मेन्सची वायर आखूड आणि उशाकडच्या बोर्डावर मॉनिटर, सक्शन, सिरिंज पंप यांची गर्दी. हा सगळा व्याप एका सॉकेटपायी. इलेक्ट्रिशियनला सांगून उशाकडच्या भिंतीवर डीफिबसाठी स्वतंत्र सॉकेट घेतलं. तो आधी एक्स्टेन्शन बोर्ड देत होता. जिवाशी गाठ असलेलं मशीन एक्स्टेन्शनवर ठेवलं की कुणाच्या तरी पायात येतं आणि निघतं, तेव्हा नको म्हटलं. आता ट्रॉली खांद्याशी उभी असते. रोजच्या टेस्टच्या वेळी सिस्टर पॅडलं होल्डरमध्येच ठेवून दोन्ही कॉर्डी मानेशी वाकवून धरतात आणि मग बटणं दाबतात. आठवड्यातून एकदा आम्ही कॉर्ड ताणून ॲनालायझरवर घेतो.

इथे एक राग काढून घेते. टेस्ट म्हणून पॅडलं हवेत धरून किंवा एकमेकांना भिडवून शॉक सोडणारे महाभाग अजून आहेत. पॅडलांच्या पत्र्यावर ठिणगीचे खड्डे पडतात, आतल्या सर्किटवर भलताच ताण येतो आणि पुढच्या पेशंटची कातडी त्या खड्ड्यांशी भाजते. टेस्ट लोड दिलाय, तो वापरा.

या एका मशीनच्या निमित्तानं हॉस्पिटलातली सगळी डीफिब खाली काढली. एकेक करून, म्हणजे कुठलाही मजला मशीनविना राहणार नाही असं. बहुतेक ठीक होती. काही नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरचं जुनं मशीन प्लगला असताना झकास चार्ज व्हायचं, बॅटरी ‘फुल’ दाखवायचं. प्लग काढला, २०० ज्यूल निवडले, चार्ज दाबला. पडदा मंदावला, मशीन बंद पडून पहिल्यापासून सुरू झालं. बॅटरी लेड-ॲसिडची. नुसती मोजली तर व्होल्टेज छान, पण चार्ज करताना डीफिब बॅटरीतून जो करंट एकदम खेचतं, त्यापुढे तिनं मान टाकली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हा तळघरातलं सामान वर नेलं होतं. हे मशीन तेव्हा स्टोअरमध्ये गेलं आणि बरेच दिवस प्लगविना पडून राहिलं. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती परत पूर्वीसारखी होत नाही. पेशंटला वॉर्डातून सीटी स्कॅनला नेताना मशीन बॅटरीवरच असतं, तेव्हा हा दोष कुठे उघडा पडला असता ते सांगायला नको. नवी बॅटरी आली. पण दोन-तीन वॉर्डांत आणखी एक प्रकार दिसला: डीफिबचा प्लग बोर्डात बरोबर बसलेला, स्विच मात्र बंद, आणि शेजारच्या सॉकेटमध्ये कुणाचा तरी मोबाईल. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्विच असतो, त्याचा हा त्रास. ‘प्लग लावलाय का’ असं विचारून भागत नाही, चार्जिंगचा दिवा बघावा लागतो.

ऑपरेशन थिएटरच्या मशीनचा चार्ज मात्र खरोखरच होत नव्हता. चार्जरचा बारीक चिरका आवाज यायचा, आकडा थोडा चढायचा, तिथेच अडायचा, मग एरर. ते कंपनीच्या इंजिनियरकडेच सोपवलं. मी त्याच्याजवळ बसून पाहिलं. कव्हर काढल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते कपॅसिटर योग्य रेझिस्टरमधून रिकामा करण्याचं, मग मीटरनं खात्री, मग टोकं जोडून ठेवली. रिकामा केलेला कपॅसिटर नुसता ठेवला तर त्यावर थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं, म्हणून ते जोडणं. दोष होता ऊर्जा आतल्या आत रिकामी करणाऱ्या रिलेचा. त्याचे संपर्क चिकटून बसले होते आणि कपॅसिटर एका बाजूनं भरत असताना दुसऱ्या बाजूनं गळत होता. इलेक्ट्रॉनिक्स येतं म्हणून डीफिब उघडायला बसू नये, हे मी आमच्या टेक्निशियनला तिथेच दाखवून दिलं. त्याला सोल्डरिंगची हौस भारी.

जेलीचं प्रकरण छोटंच होतं, पण ते सापडलं तेव्हा मी चिडले. एका वॉर्डात डीफिबच्या ट्रॉलीवर सोनोग्राफीच्या जेलीची बाटली होती. दिसायला दोन्ही सारख्या, चिकट आणि थंडगार. पण सोनोग्राफीची जेली आवाजाच्या लहरींसाठी बनवलेली असते, वीज नीट वाहून नेणं हे तिचं काम नाही. ती लावून शॉक दिला तर छातीचा अडथळा वाढतो, पोचायची ती ऊर्जा पोचत नाही आणि कातडी मात्र भाजू शकते. त्याच मशीनच्या मोठ्या पॅडलांचे पत्रे सरकवून काढले, तर खाली लहान मुलांसाठीच्या पॅडलांवर जुनी जेली सुकून खरवड धरलेली आणि स्प्रिंगचे संपर्क हिरवे पडलेले. मोठ्यांचा शॉकही याच संपर्कांतून जातो. वापर झाला की पत्रा काढून खालचंही पुसायचं, हे आयाबेनना दाखवलं. त्या म्हणाल्या, “कोईए कीधुं ज नथी,” कुणी सांगितलंच नाही, आणि ते खरं होतं.

राहिलं सिंक. यावर मात्र डॉक्टरांशी वाद झाला.

१९६२ साली बर्नार्ड लाउन यांनी डीसी शॉक रूढ केला, तेव्हाच त्यांनी हेही दाखवलं की धडधडत्या पण ठोका असलेल्या हृदयाला शॉक द्यायचा तर तो आर-वेव्हच्या, म्हणजे ईसीजीत प्रत्येक ठोक्याला दिसणाऱ्या उंच टोकाच्या, जोडीनं द्यावा. टी-वेव्हवर, म्हणजे त्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरत असतानाच्या लाटेवर, पडला तर चांगलं हृदय व्हीएफमध्ये जाऊ शकतं. म्हणून सिंक मोडमध्ये मशीन बटण दाबल्यावर लगेच शॉक देत नाही, पुढच्या आर-वेव्हची वाट बघतं. व्हीएफमध्ये आर-वेव्ह नसतेच. सिंक चालू राहिलं तर तुम्ही बटणं दाबून धरा, मशीन वाट बघत राहणार. बाहेरून ते अगदी बिघडल्यासारखं दिसतं. आमच्या तुटक्या कॉर्डसारखंच.

अडचण अशी की आमच्याकडे दोन कंपन्यांची मशीनं आहेत. कॅज्युअल्टीचं मशीन एका शॉकनंतर सिंक स्वतःहून काढून टाकतं. आयसीयूचं सिंकमध्येच राहतं, आपण बंद करेपर्यंत. दोन्ही पद्धतींना कारण आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे फक्त वरचे कप्पे थरथरत असताना, लागोपाठ सिंक शॉक द्यायचे असतील तर दुसरी सोयीची, शॉकनंतर व्हीएफ झालं तर पहिली. पण रेसिडेंट महिनाभर इथे, महिनाभर तिथे असतात. त्यांच्या बोटांना सवय एका मशीनची लागते आणि प्रसंग दुसऱ्यावर येतो.

कार्डिऑलॉजीचे सर म्हणाले, “पडद्यावर ‘सिंक’ लिहिलेलं असतं की. प्रत्येक ठोक्यावर खूणही येते. डॉक्टरला तेवढं दिसायला नको?”

“सर, दिसतं. कॉम्प्रेशन चालू असताना, चार माणसं ओरडत असताना कोपऱ्यातला शब्द किती वाचला जातो, ते तुम्ही सांगा.”

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोन्हीतलं एक वागणं ठेवता येईल का?”

येत होतं. आयसीयूच्या मशीनच्या सेटअप मेनूत तो पर्याय आहे, सर्व्हिसच्या पासवर्डमागे. कार्डिऑलॉजी आणि भूल विभागानं लेखी संमती दिली, कंपनीच्या माणसाकडून बदल करून घेतला, सिम्युलेटरवर, म्हणजे हृदयाचे नकली ठोके देणाऱ्या यंत्रावर, तपासला. आता दोन्हीकडे शॉक गेला की सिंक सुटतं. परत हवं असेल तर परत दाबायचं. मशीनवर तसं गुजरातीत आणि इंग्रजीत लिहून लावलंय. सिम्युलेटर घेऊन प्रत्येक पाळीत जाऊन करूनही दाखवते आहे. दिवसपाळ्या झाल्या. रात्रपाळीचा एक गट राहिलाय, त्यांची ड्यूटी बदलून आली की त्यांचंही करून टाकू.